फायबरग्लास बॉडी आणि फ्रेम: घरी हॉट रॉड बांधताना जोडी कशी निवडावी

हॉट रॉड, म्हणजे जुन्या रूपाची पण वेगासाठी नव्याने बांधलेली गाडी, बांधायला निघालेला नवा माणूस आधी बॉडीच्या प्रेमात पडतो. फोटोत ती चकचकीत 1932 ची रोडस्टर (पक्कं छप्पर नसलेली दोनदारी गाडी) दिसते, आणि फ्रेम म्हणजे खाली झाकलं जाणारं लोखंड असं वाटून तो ती नंतर, जिथे मिळेल तिथून घेतो. मीही असंच केलं. बॉडी एका विक्रेत्याकडची, फ्रेम दुसऱ्याकडची, दोन्ही ‘1932 फोर्ड’ म्हणून विकलेल्या. बॉडी फ्रेमवर ठेवली तर मागची बोल्टची भोकं पाऊण इंच सरकलेली, आणि उजव्या दाराला वर फट नाहीच, खाली मात्र तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोष बॉडीत आहे असं धरून मी दोन आठवडे दाराची कड घासत बसलो. मग एकदाची फ्रेमवर आडवी लेव्हल ठेवली, तेव्हा कळलं की मागचा उजवा कोपरा दोन सूत उचललेला आहे. बॉडी निर्दोष होती. खालची फ्रेम जशी पिळली होती तशी तीही पिळली होती.

फायबरग्लासच्या बॉडीला स्वतःचा ताठ आकार फार थोडा असतो. ज्याच्यावर बसवाल त्याचा आकार ती घेते. म्हणून बॉडी आणि फ्रेम ही एकच खरेदी समजा आणि शक्यतो एकाच ठिकाणाहून, एकमेकींवर बसवून पाहिलेली जोडी घ्या. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी: कोणती गाडी

फायबरच्या बहुतेक बॉड्या जुन्या फोर्डच्या नकला असतात, आणि त्याला कारण आहे. 1932 मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या किमतीच्या गाडीत 221 घनइंचांचं, 65 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन दिलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या गाड्यांचे मडगार्ड उतरवले, वजन कमी केलं आणि मुरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत त्या पळवल्या. या शर्यती भरवणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन 1937 मध्ये उभी राहिली. मूळ पत्र्याच्या बॉड्या पुढे गंजल्या आणि दुर्मिळ झाल्या. त्यांची जागा फायबरने घेतली.

वर्ष ठरवलं की चाकांच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, बरंचसं ठरून जातं. मॉडेल टीचा व्हीलबेस साधारण 100 इंच, 1928 ते 1931 च्या मॉडेल एचा एकशे साडेतीन, 1932 चा 106 आणि 1933-34 चा 112 इंच. विक्रेता व्हीलबेस विचारल्यावर गडबडला, तर तो काय विकतोय हे त्यालाच पुरतं माहीत नाही असं समजा.

नवशिक्याने कमीत कमी हलणारे भाग असलेली बॉडी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. टी-बकेट, म्हणजे मॉडेल टीच्या बादलीसारख्या उघड्या बॉडीची गाडी, सर्वांत सोपी. छोटा टब, मागे छोटीशी डिकी, आणि बऱ्याच बॉड्यांमध्ये दारं नुसती उठावाची रेघ म्हणून असतात, उघडत नाहीत. दार नाही म्हणजे कब्जे नाहीत, कुलूप नाही, फटी जुळवणं नाही. त्याबदल्यात पाऊस-वारा अंगावर घ्यायचा. त्याच्या पुढची पायरी रोडस्टरची: उघडणारी दोन दारं, पण वरखाली होणाऱ्या काचा नाहीत. कूपे, म्हणजे पक्क्या छपराची दोनदारी गाडी, सुंदर दिसते हे खरं, पण छप्पर, काचा, काचांच्या खाचा, रबर, दारातली यंत्रणा हे सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं आणि एक जुळवलं की दुसरं सुटतं. पहिलीच गाडी कूपे असेल तर ती गॅरेजमध्ये अर्धवट पडून राहण्याची शक्यता मोठी. 1932 च्या तीन खिडक्यांच्या कूपेला तर दारांचे कब्जे मागच्या कडेला असतात. त्या दाराचं कुलूप चालत्या गाडीत सुटलं तर वारा दार उघडून धरतो. तिच्यासाठी कुलूप निवडताना तडजोड नको.

दुसरी पायरी: आधी बसून बघा

साधी वाटते म्हणून बहुतेकजण ही पायरी गाळतात. 1920-30 च्या काळातली ही बॉडी आतून अरुंद असते, आणि फायबरच्या बॉडीत आतला सांगाडा आणखी जागा खातो. त्याच प्रकारची तयार गाडी शोधा, मालकाला विचारा आणि स्टिअरिंगमागे बसा. गुडघा स्टिअरिंगला लागतो का? बूट घातलेला पाय ब्रेक दाबताना बाजूच्या पेडलला अडतो का? समोरच्या काचेची वरची चौकट नेमकी डोळ्यांसमोर तर येत नाही ना? उंच माणसाला मूळ मापाची टी-बकेट बहुधा पुरत नाही. काही कारखाने तीच बॉडी काही इंच लांब किंवा खोल करून देतात. दिसायला फरक जेमतेम जाणवतो, बसायला मात्र खूप पडतो. पण बॉडी लांब झाली की खालची फ्रेमही त्या मापाची लागते. ही बाब दोन्ही विक्रेत्यांच्या कानावर घालणं तुमच्याच हातात आहे.

तिसरी पायरी: फ्रेम

इथे थोडं थांबून विचार करू, कारण बॉडीच्या चुका घासून भरून निघतात, फ्रेमच्या निघत नाहीत.

जुन्या फोर्डची फ्रेम इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या उघड्या रेलची, म्हणजे दोन बाजूंच्या लांब तुळयांची, होती. वाकायला ती बऱ्यापैकी कडक, पण पिळायला मऊ. बुटांचं रिकामं खोकं झाकणाशिवाय दोन्ही टोकांना धरून पिळून बघा, मग झाकण चिकटवून पुन्हा पिळा. फरक हातालाच कळेल. रेलच्या उघड्या बाजूवर पट्टी वेल्ड करून ती बंद करणं म्हणजे बॉक्सिंग, आणि तिचं काम त्या झाकणाचं. मूळ गाडीत पत्र्याची बॉडीही फ्रेमला थोडा ताठपणा द्यायची. फायबर तेवढा देत नाही. म्हणून फायबरच्या गाडीची फ्रेम जुन्या फ्रेमपेक्षा कडकच हवी: पूर्ण बॉक्स केलेली, आणि मध्ये ‘एक्स’ किंवा ‘के’ आकाराचा आडवा सांगाडा असलेली. ‘फक्त पुढे बॉक्स केली आहे, मागे गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर मी तरी ती घेणार नाही.

दुसरा प्रकार चौकोनी पाइपच्या फ्रेमचा. टी-बकेटला तो सर्रास वापरतात आणि तिथे तो शोभतोही. 2 बाय 3 इंचांचा साध्या पोलादाचा पाइप हे नेहमीचं माप. 1932 च्या बॉडीखाली मात्र सरळ चौकोनी पाइप डोळ्याला खटकतो. त्या वर्षी फ्रेमच्या रेलची बाजूच गाडीच्या रूपाचा भाग होती. बॉडीच्या खालच्या कडेशी मिळती अशी दाबून काढलेली रेघ तिच्यावर धावते, आणि मडगार्ड काढलेल्या गाडीत ती पूर्ण उघडी पडते. ‘ड्यूस’, म्हणजे 1932 ची फोर्ड, घ्यायची तर त्या रेघेचे दाबून केलेले रेलच घ्या. मॉडेल एची बॉडी 1932 च्या रेलवर बसवण्याची पद्धतही लोकप्रिय आहे, आणि देखणी आहे. पण त्या दोघींची रुंदी आणि वळण एक नाही. रेल पुढून आत घ्यावे लागतात, म्हणून तशी फ्रेम ‘मॉडेल ए बॉडीसाठी’ असं स्पष्ट सांगूनच मागवा.

फ्रेम मागवण्याआधी इंजिन ठरलेलं असलं पाहिजे. ‘इंजिन नंतर बघू’ म्हणणाऱ्याला पुढे आडव्या पट्ट्या कापाव्या लागतात. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागच्या टोकाला असतो, त्यामुळे फायरवॉलशी, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या भिंतीशी, जागेची ओढाताण होते आणि कधी फायरवॉलला खळगा द्यावा लागतो. फोर्डच्या 302 घनइंची इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर पुढे असतो, त्यामुळे मागे सुटसुटीत. पण त्याच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या टाकीचा खोल भाग बऱ्याचदा पुढे येतो आणि पुढच्या आडव्या सांगाड्याला किंवा स्टिअरिंगच्या भागांना अडतो. दोन्ही अडचणींवर तोडगे आहेत, फक्त ते कागदावर काढायचे, वेल्डिंगनंतर नाही. गिअरबॉक्सची लांबीही आताच सांगा, म्हणजे मधला आधार योग्य जागी येईल.

पुढच्या सस्पेन्शनचे मुख्य रस्ते दोन. एक, सलग बीमचा किंवा पाइपचा ऍक्सल आणि आडवा पाट्यांचा स्प्रिंग. हा जुना, उघडा, टी-बकेट आणि मडगार्ड नसलेल्या गाडीला शोभणारा. स्टिअरिंग आडवं असेल, म्हणजे व्हेगा प्रकारचा स्टिअरिंग-बॉक्स आणि त्याच्याकडून पलीकडच्या चाकाकडे जाणारा दांडा, तर ऍक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार, म्हणजे ऍक्सल फ्रेमला जोडणारा आडवा दांडा, हवाच. दुसरा रस्ता 1970 च्या दशकातल्या मस्टँग-2 च्या धर्तीवरच्या स्वतंत्र सस्पेन्शनचा. चालवायला तो जास्त मवाळ, पण मडगार्ड आणि बॉनेट असलेल्या गाडीखालीच झाकला जातो. उघड्या गाडीत ते सगळे हात, जोड आणि स्प्रिंग डोळ्यात भरतात, आणि मला ते आवडत नाही. मागे फोर्डचा 9 इंची ऍक्सल वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्याला फ्रेमशी जोडायला फोर-लिंक (चार दांडे) किंवा लॅडर बार (शिडीसारखे दोन दांडे), दोन्ही चालतं.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा भाग) गाडीच्या फरशीखाली, फ्रेमवर बसणार असेल तर तो चाकांवरच्या कॅलिपरच्या पातळीखाली जातो आणि ब्रेकचं तेल परत त्याच्याकडे उतरतं. अशा वेळी लाइनमध्ये डिस्कसाठी 2 पीएसआयचा आणि ड्रमसाठी 10 पीएसआयचा रेसिड्यूअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा व्हॉल्व्ह, लागतो. तो किटमध्ये आहे का, हे विचारा.

उंचीही कागदावरच तपासा. एका चाकाच्या रिमच्या खालच्या टोकापासून बाकीच्या तीन रिमच्या खालच्या टोकांपर्यंत रेघा ओढा. टायर फुटून गाडी रिमवर आली तर जमीन तिथे असेल. त्या रेघांच्या खाली फ्रेम, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकची लाइन, काहीही येता कामा नये. गाडी कितीही खाली बसवलेली आवडत असली तरी या रेघेशी वाद घालू नका.

चौथी पायरी: फ्रेम मोजून घ्या

शक्य असेल तर विक्रेत्याच्या कारखान्यातच, नाहीतर घरी आल्यावर पहिल्याच दिवशी, काही जोडण्याआधी. सपाट जमिनीवर चार स्टँडवर फ्रेम ठेवा. लेव्हल पुढच्या आडव्या सांगाड्यावर ठेवा, मग मध्ये, मग मागे. तिन्हीकडे बुडबुडा एकाच जागी हवा. एका ठिकाणी डावीकडे आणि दुसऱ्या ठिकाणी उजवीकडे सरकत असेल तर फ्रेम पिळलेली आहे. मग कर्ण मोजा: डाव्या पुढच्या बॉडी-बोल्टच्या भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत, आणि त्याच्या उलट. एका सुतापर्यंतचा फरक मी चालवून घेतो, त्याहून जास्त असेल तर फ्रेम परत पाठवतो. टेप दोन माणसांनी ताणून धरावी, आणि माप भोकाच्या मध्यातून नाही तर दोन्हीकडे त्याच बाजूच्या कडेवरून घ्यावं. भोकाचा मध्य डोळ्याने धरताना तेवढीच चूक होते जेवढी तुम्ही शोधत असता.

वेल्डच्या रेघेवर टाचणीसारखी बारीक भोकं, कडेला कापल्यासारखी खाच, किंवा ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेला सांधा दिसला तर कारण विचारा. चांगला वेल्डर आपलं काम लपवत नाही.

पाचवी पायरी: बॉडी पारखणं

आता बॉडीकडे. ती साच्यात उलट्या क्रमाने बनते: आधी साच्याला मेण, मग जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे थर. हे थर हाताने, मॅट (सुट्या तंतूंची चादर) आणि विणलेलं कापड अंथरून, रोलरने हवा काढत देता येतात, किंवा गनने तंतू कापत रेझिनसोबत फवारता येतात. गनचं काम स्वस्त पडतं. करणारा हात तयार असेल तर ते वाईट नाही, पण जाडी कमी-जास्त होते. आतली बाजू बघून लगेच निकाल देऊ नका. हाताने अंथरलेल्या मॅटमध्येही तंतू शेवया पसरल्यासारखेच दिसतात. जाडी बघा. दाराची कड, चाकाची कमान, डॅशची खालची कड, जिथे कापलेली कड दिसते तिथे मोजा. बॉडीभर साधारण दोन सूत, आणि कब्जे, कुलूप, बोल्ट यांच्या जागी त्याहून जास्त, असं असेल तर काम मन लावून झालं आहे.

मग नाण्याने ठोकत चला. भरीव जागी टणक आवाज येतो, आत हवा राहिली असेल तिथे तो बोदा होतो. या पोकळ्या कोपऱ्यांत आणि तीव्र वळणांत जास्त सापडतात, आणि उन्हात तापल्यावर रंगाखाली फोडासारख्या वर येतात. जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर बॉडी कुठेतरी आपटली आहे, किंवा साच्यातून ओढून काढली आहे. दिवा आडवा धरून बाजूने पाहा, लाटा तेव्हाच दिसतात.

आतला सांगाडा लाकडी असतो किंवा पोलादी पाइपचा. लाकूड वाईट नाही, पण त्याची प्रत्येक कड रेझिनने बंद हवी, नाहीतर ते ओल पिऊन फुगतं. उघडणाऱ्या दारांच्या गाडीला मात्र मी पोलादी सांगाडाच घेईन. कब्ज्याचा खांब आणि कुलपाचा खांब फ्रेमच्या बोल्टपर्यंत पोलादाने जोडलेले हवेत. नुसत्या फायबरमध्ये स्क्रूने पकडलेला कब्जा वर्षभरात ढिला होतो. दारं विक्रेत्याने बसवलेली, फटी जुळवलेली आणि दोन टप्प्यांत अडकणारं सेफ्टी कुलूप घातलेलं असावं. दारं सुटी मिळाली तर बॉडी स्वस्त दिसते, पण वाचलेला पैसा तुमच्या शनिवार-रविवारांतून वसूल होतो.

सीटबेल्ट फायबरच्या फरशीला लावायचा नाही, मोठा वॉशर घालूनही नाही. तो फ्रेमला किंवा फ्रेमशी जोडलेल्या पोलादालाच. ती जागा बॉडीत आधीच ठेवली आहे का ते बघा. नसेल तर फ्रेमवाल्याकडून कान वेल्ड करून घ्या.

सहावी पायरी: कागद

पैसे देण्याआधी गाडीची नोंदणी जिथे होणार तिथले नियम वाचा. अमेरिकेत ते राज्यागणिक बदलतात. फ्रेम आणि बॉडी या दोन्हींसाठी उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र मागा, आणि इंजिन-गिअरबॉक्सपासून दिव्यांपर्यंत प्रत्येक पावती फाइलला लावा. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांसाठी एसबी 100 या कायद्याची सोय आहे, पण तिची संख्या वर्षाला 500 गाड्यांपुरती मर्यादित आहे, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो. कोणी जुन्या, मोडीत काढलेल्या गाडीचा नंबर तुमच्या नव्या फ्रेमवर ठोकून ‘खरी 1932’ करून देतो म्हणाला तर तिथून निघा. तो गुन्हा आहे, आणि उघड झाल्यावर गाडी जाते ती तुमची.

सातवी पायरी: दोघींना एकत्र आणणं

बॉडी घरी आली की घासायचा मोह होतो. आधी धुवा. साबणाच्या पाण्याने, मग मेण काढणाऱ्या द्रावणाने. साच्याचं मेण पृष्ठभागावर असताना घासलं तर ते ओरखड्यांत खोल जातं आणि रंग नंतर ठिपक्या-ठिपक्यांनी सुटतो. घासताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. काचेचे तंतू फुप्फुसात जाण्यासारखे नाहीत. अंगाला लागले तर थंड पाण्याने धुवा.

नवी बॉडी कच्ची असते. पॉलिएस्टर रेझिन साच्यातून निघाल्यावरही बराच काळ घट्ट होत राहतं आणि किंचित आक्रसतं. घाईने रंग दिला तर काही महिन्यांत कापडाची वीण रंगातून वर दिसू लागते. म्हणून बॉडी फ्रेमवर बोल्टने बसवा, दारं बंद करा, आणि काही आठवडे उन्हात राहू द्या. सुटी, भिंतीला टेकवून ठेवलेली बॉडी त्याच वाकड्या स्थितीत पक्की होते.

बसवताना फ्रेम आणि बॉडीमध्ये रबरी पट्टी, आणि गरज असेल तिथे पातळ शिम, म्हणजे उंची जुळवायची चकती. बोल्ट आधी हातानेच लावा, दाराच्या फटी बघा, मग शिम घाला, मग कसा. दाराची मागची कड खाली गेली असेल तर दाराला हात लावू नका. कब्ज्याच्या खांबाखाली एक पातळ शिम घालून बघा. पाव सुताचा शिम दाराच्या दुसऱ्या टोकाला चांगलाच फरक पाडतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि सीट बसवून गाडी चाकांवर उभी केल्यावर फटी पुन्हा बघा, कारण वजन आलं की फ्रेम थोडी बसते. पुट्टी आणि बारीक घासकाम त्यानंतरच.

पत्र्याच्या गाडीवर काम केलेल्यांना एक गोष्ट नवी वाटेल. फायबरमधून वीज जात नाही. प्रत्येक दिव्याला, मीटरला, इंधनाच्या सेंडरला (टाकीतली पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाला) फ्रेमपर्यंत स्वतंत्र अर्थची तार लागते. मागचे दिवे मंद जळणं किंवा इंडिकेटर दिल्यावर भलताच दिवा लुकलुकणं, या तक्रारी बहुतेक वेळा अर्थच्याच निघतात. डॅशमागे तांब्याची एक पट्टी बसवून सगळ्या अर्थ तारा तिथे आणा आणि तिथून एक जाड तार फ्रेमला द्या. एक्झॉस्टचा पाइप फरशीजवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवा, आणि पत्रा व फायबर यांत हवेची फट.

रंगासाठी बॉडी फ्रेमवरून उतरवण्याआधी प्रत्येक बोल्टला नंबर द्या, त्याखाली किती आणि केवढ्या जाडीचे शिम होते ते लिहा, आणि ते शिम त्याच नंबराच्या पाकिटात ठेवा. रंगारी बॉडी परत देईल तेव्हा ती त्याच शिमांवर, त्याच क्रमाने बसली पाहिजे.